देवळालीची बराक आणि संगणकातील इमारत : संरचनाविषयक माहितीच्या हस्तांतरणाचा इतिहास

प्रस्तावना

इमारतीचे संगणकीय प्रतिमान एका संरचना-संकल्पन प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना त्यातील काही माहिती गळते, काही बदलते आणि काही नव्याने भरावी लागते. ही अडचण संगणकाबरोबर जन्माला आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ज्या दिवशी इमारतीचे संकल्पन करणारा आणि ती बांधणारा या दोन वेगवेगळ्या व्यक्ती झाल्या, त्याच दिवशी हा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात तो ठळकपणे दिसतो तो छावण्यांच्या बांधकामात. प्रस्तुत लेखात नाशिकजवळील देवळाली कॅम्प हे स्थळ डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा एकोणिसाव्या शतकातील प्रमाण नकाशापासून आजच्या संगणकीय प्रतिमानापर्यंतचा प्रवास तपासला आहे.

देवळालीची निवड योगायोगाची नाही. नाशिक शहर महानगरपालिकेच्या नियमांनी बांधले जाते, तर त्याला लागून असलेली देवळालीची छावणी कॅन्टोन्मेंट कायद्याने. हद्दीच्या एका बाजूला जे कागद चालतात ते दुसऱ्या बाजूला चालत नाहीत. जमीन, हवामान आणि गवंडी मात्र दोन्हीकडे तेच.

प्रमाण नकाशा

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याची संख्या वाढविण्यात आली आणि त्या सैन्याच्या निवासाचा प्रश्न निकडीचा झाला. युद्धापेक्षा रोगराईनेच सैनिक अधिक मरत. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आरोग्य आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे त्यात नमूद झाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या अहवालाचा हिरिरीने पाठपुरावा केला. बराकींचे जोते उंच असावे, हवा खेळती असावी, दाटी नसावी, व्हरांड्याने उन्हापासून संरक्षण मिळावे, या अपेक्षा त्यातून पुढे आल्या. त्या अमलात आणण्यासाठी १८६४ च्या सुमारास बंगाल इंजिनिअर्सचे अधिकारी क्रॉमेलिन यांच्या देखरेखीखाली बराकींचे प्रमाण नकाशे तयार झाले व ते देशभरच्या छावण्यांसाठी पाठविण्यात आले.

देवळालीच्या लष्करी बांधकामाची सुरुवात याच दशकातली. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि मुंबई बंदरात उतरलेले सैनिक घाटमाथ्यावर आणून तेथून ठिकठिकाणी रवाना करणे सोयीचे झाले. परतीच्या वाटेवरचे, मुदत संपलेले सैनिकही येथेच जहाजाची वाट पाहत थांबत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या गॅझेटियरांत येथील बराकींत सुमारे पाच हजार माणसांची सोय असल्याची नोंद आढळते. रिकाम्या दिवसांच्या कंटाळ्याने या ठिकाणाचे नाव इंग्रजी बोलीत वेडसरपणाचा पर्याय म्हणून रूढ केले. त्या वाक्प्रचाराच्या मूळ रूपातील दुसरा शब्द आपला ‘ताप’च आहे.

प्रमाण नकाशाकडे आजच्या परिभाषेतून पाहिले तर ती माहितीच्या हस्तांतरणाची एक व्यवस्था होती. दूरच्या कचेरीतील अभियंता इमारत कल्पितो, तिचे वर्णन ठरावीक खुणांनी व ठरावीक प्रमाणात कागदावर उतरवितो, आणि त्याला कधीही न भेटलेला दुसरा अभियंता ते वर्णन वाचून इमारत उभी करतो. ही देवाणघेवाण निर्वेध व्हायची तर दोघांची भाषा एक असली पाहिजे. ती घडविण्याचे काम शिक्षणसंस्थांनी केले. रुरकीचे महाविद्यालय १८४७ मध्ये सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी घडविणारा पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ चा. त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले. रुरकीहून १८६३ पासून निघू लागलेल्या व्यावसायिक निबंधमालेने एका प्रांतातील पुलाचा किंवा बराकीचा अनुभव दुसऱ्या प्रांतातील अभियंत्यापुढे ठेवला. एका अर्थाने रुरकी व पुणे येथील वर्गखोल्यांत व्याकरण शिकविले जात होते आणि प्रमाण नकाशा हे त्या व्याकरणातले वाक्य होते.

मात्र नकाशात सर्व काही येत नाही. जोत्याची उंची, भिंतीची जाडी, दारांची संख्या कागदावर येते. खालची जमीन येत नाही. दख्खनच्या काळ्या मातीचा गुणधर्म गंगेच्या गाळाच्या जमिनीहून सर्वस्वी निराळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. उत्तरेत पक्की वीट सहज मिळते, तर नाशिक परिसरात काळा पाषाण हाताशी असतो. म्हणजे तीच भिंत वेगळ्या जाडीची आणि वेगळ्या वजनाची होते. ही तफावत भरून काढणारा माणूस जागेवरचा ओव्हरसियर. नकाशा येई तो एक, बांधकाम होई ते दुसरे, आणि या दोहोंतील अंतराची नोंद राहिली तर ती मोजमाप पुस्तकात. प्रत्यक्ष किती काम झाले याचा तो हिशेब असे. बिले त्यावरून निघत. इमारतीचे खरे वर्णन पुष्कळदा नकाशापेक्षा त्या पुस्तकात अधिक सापडते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनी फारशी विचारात घेतलेली नाही.

ट्रेसिंग, निळी प्रत आणि सूत

जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या निळ्या छायाप्रतीच्या प्रक्रियेचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नकाशांच्या प्रती काढण्यासाठी होऊ लागला आणि एका मूळ ट्रेसिंगवरून कितीही प्रती निघू लागल्या. माणसाच्या हाताने नक्कल करताना होणाऱ्या चुका टळल्या. पण मुळातली चूकही तितक्याच निष्ठेने सर्वत्र पोचू लागली. १९२३ मध्ये लष्करी अभियांत्रिकी सेवेची, म्हणजे एम.ई.एस.ची, आजच्या रूपात स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय काकूलहून देवळालीस हलविण्यात आले आणि छावणीतील बांधकामाचा व्याप पुन्हा वाढला. तोवर सिमेंट काँक्रीट स्थिरावले होते. दगडी भिंतीच्या काळात संरचना डोळ्यांना दिसत असे. सलोह काँक्रीटमध्ये तिचा निर्णायक भाग, म्हणजे सळई, काँक्रीटच्या पोटात दडलेला असतो. नकाशा हरवला की तो भाग कायमचा अदृश्य होतो. त्यामुळे सळईच्या वर्णनासाठी स्वतंत्र दस्तऐवज आवश्यक झाला. १९६३ च्या भारतीय मानक २५०२ ने सळया वाकविण्याच्या तक्त्याला निश्चित रूप दिले. प्रत्येक सळईचा व्यास, आकार, लांबी व नग या तक्त्यात असतात. संकल्पनकार आणि बार बेंडर यांच्यामधला हा देशातील बहुधा सर्वांत यशस्वी ‘फॉरमॅट’ होय. बार बेंडरला वाकण-गणित समजावे लागत नाही. रकान्यातील आकृती आणि आकडा पुरतो.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो मापनपद्धतीच्या बदलाने. १९५६ च्या कायद्याने दशमान परिमाणे आली व पुढील काही वर्षांत ती बांधकामात रुजली. कचेरीतील भाषा बदलली, जागेवरची बदलली नाही. २३० मिलिमीटरची भिंत आजही ‘नऊ इंची’ आणि ११५ ची ‘साडेचार इंची’ म्हणूनच ओळखली जाते. सळईच्या बाबतीत हा दुभाषीपणा अधिक नाजूक आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘तीन सूत’ म्हटले की १० मिलिमीटरची, ‘चार सूत’ म्हटले की १२ ची आणि ‘पाच सूत’ म्हटले की १६ ची सळई समजली जाते. पण चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस मिलिमीटर भरते, तर १२ च्या सळईचे ११३. जुन्या नकाशातील अर्ध्या इंची सळईच्या जागी तितक्याच नगांनी १२ ची सळई घातली तर पोलाद सुमारे ११ टक्क्यांनी कमी पडते. तीन सुतांच्या बाबतीत उलट होते. तेथे सुमारे १० टक्के जास्त पोलाद मिळते. दोन्ही बाजूंना शब्द तोच, अर्थ वेगळा, आणि शब्द तोच असल्यामुळे चूक झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. संगणकीय प्रणालींमधील माहितीच्या देवाणघेवाणीत पुढे जे दोष आढळले, त्यांतील सर्वांत उपद्रवी दोष नेमके याच जातीचे आहेत.

संगणकाची भाषा

१९६४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्हन फेन्व्हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्ट्रेस’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. अभियंत्याने संगणकतज्ज्ञाच्या मध्यस्थीवाचून, आपल्याच व्यवसायातील शब्द वापरून संरचनेचे वर्णन करावे, ही तिच्यामागील कल्पना होती. सांध्यांचे सहनिर्देशक, कोणता घटक कोणत्या दोन सांध्यांना जोडतो, त्याचे गुणधर्म, आधार आणि भार, अशा क्रमाने हे वर्णन होई. तिच्या पाठोपाठ ‘स्ट्रडल’ आली. कॅलिफोर्नियात एडवर्ड विल्सन यांनी १९७० मध्ये ‘सॅप’ प्रसिद्ध केली आणि अश्रफ हबीबुल्ला यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ‘सॅप’ व ‘इटॅब्स’ यांना व्यावसायिक रूप दिले. अमृत दास यांच्या रिसर्च इंजिनिअर्स या कंपनीची ‘स्टाड’ ही प्रणाली भारतातील संकल्पन-कचेऱ्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत घरोघरची झाली. २००५ मध्ये ती बेंटली कंपनीकडे गेली. ‘स्टाड’ची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते. त्या फाइलमधील ‘जॉइंट कोऑर्डिनेट्स’, ‘मेंबर इन्सिडन्सेस’ हे शब्द १९६४ च्या त्या प्रणालीशी थेट नाते सांगतात. नाशिकच्या एखाद्या आर.सी.सी. कन्सल्टंटच्या कचेरीत ही फाइल उघडली की साठ वर्षांपूर्वीची परिभाषा समोर येते.

याच सुमारास महाराष्ट्रातही प्रयत्न झाले. १९९६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीने ‘स्ट्रड्स’ ही प्रणाली भारतीय मानकांनुसार स्लॅब, तुळई, खांब व पाया यांचे विश्लेषण, संकल्पन आणि रेखाटन एकत्र करण्यासाठी विकसित केली. येथील कचेरीची गरज निराळी होती. आपल्याकडे कन्सल्टंटला बहुतांशी चार-सात मजली निवासी इमारती कराव्या लागतात. त्याला अत्यंत सूक्ष्म विश्लेषणापेक्षा खांबांचे तक्ते, तुळयांचे तक्ते आणि सळयांचे रेखाटन लवकर हवे असते. विश्लेषण एका प्रणालीत, रेखाटन दुसरीत, मोजमाप तिसरीत, अशी तीनदा माहिती भरण्याची कसरत टाळण्याचा एक मार्ग म्हणजे सर्व कामे एकाच छताखाली आणणे. हा उपाय व्यवहार्य आहे. परंतु त्याने देवाणघेवाणीचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ घराच्या उंबरठ्यापर्यंत ढकलला जातो. वास्तुविशारदाचा नकाशा बाहेरूनच येतो.

तो बहुधा डी.एक्स.एफ. किंवा तत्सम रेखाटन-फाइलच्या रूपात येतो. डी.एक्स.एफ. १९८२ मध्ये ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आले. त्याआधी १९८० मध्ये अमेरिकेत ‘आयजेस’ हे तटस्थ माध्यम तयार झाले होते. दोहोंचा गाभा भौमितिक आहे. रेषा कोठून कोठे जाते हे त्यांना ठाऊक असते. ती तुळई आहे की जिन्याचा कठडा, हे सांगण्याची जबाबदारी रेखाटनकाराने निवडलेल्या ‘लेयर’च्या नावावर पडते. अशा रेषांवरून विश्लेषणाचे प्रतिमान तयार करताना एक दोष हमखास आढळतो. दोन तुळयांच्या मध्यरेषा पडद्यावर मिळालेल्या दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्या टोकांत दोन-तीन मिलिमीटरचे अंतर राहिलेले असते. रेखाटनाला त्याने काही बाधा येत नाही. विश्लेषण करणारी प्रणाली मात्र तेथे दोन स्वतंत्र सांधे मानते आणि खांबावर टेकलेली तुळई गणितात अधांतरी होते. अंतर मोठे असते तर ते कोणाच्याही नजरेस पडले असते.

शहर आणि छावणी

लेयरच्या नावांवर भिस्त ठेवणारी आणखी एक व्यवस्था महाराष्ट्रात रूढ झाली. सॉफ्टटेकच्याच ‘ऑटो डी.सी.आर.’ या प्रणालीद्वारे बांधकाम-परवानगीसाठी आलेल्या नकाशांची संगणकीय छाननी होऊ लागली. पुण्यानंतर अनेक महापालिकांनी ती स्वीकारली; नाशिक महानगरपालिकेत ती २०१७ मध्ये आली. भूखंडाची हद्द, इमारतीची बाह्यरेषा, सामासिक अंतरे, वाहनतळ इत्यादी ठरलेल्या नावांच्या लेयरवर काढले तरच छाननी होते. म्हणजेच वास्तुविशारदाने आपली इमारत पालिकेच्या भाषेत पुन्हा लिहून द्यायची. या भाषेत क्षेत्रफळाला शब्द आहेत, खांबाच्या बळाला नाहीत. संरचनेबाबत पालिकेपुढे येते ते संरचना अभियंत्याचे स्थैर्य-प्रमाणपत्र. एकच इमारत दोन वेगळ्या वाटांनी कचेरीत पोचते आणि त्या वाटा एकमेकींना छेदत नाहीत.

देवळाली छावणीत तिसरी वाट आहे. येथील बंगल्यांची नोंद कॅन्टोन्मेंट जमीन प्रशासन नियमांनुसार ठेवल्या जाणाऱ्या सर्वसाधारण भूमी-नोंदवहीत असते. सर्व्हे नंबर, क्षेत्र, जमीन कोणत्या प्रकारची, धारक कोण व कोणत्या हक्काने, हे त्या नोंदवहीचे रकाने. छावणीतील जुन्या अनुदानाच्या बंगल्यांत जमीन सरकारची आणि वरची इमारत धारकाची असल्याने येथील तंटे जमिनीच्या हक्काभोवती फिरतात. साहजिकच नोंदवहीही त्याच प्रश्नाला उत्तर देण्यासाठी घडलेली आहे. संरक्षण मंत्रालयाने देशभरातील संरक्षणभूमीचे आधुनिक साधनांनी केलेले सर्वेक्षण जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर केले. एकूण १७.७८ लाख एकर जमीन मोजली गेली. त्यापैकी सुमारे १.६१ लाख एकर छावण्यांच्या हद्दीत आहे. जमिनीचे वर्णन अशा रीतीने उपग्रह आणि ड्रोन यांच्या युगात आले. तिच्यावरील भिंतींचे वर्णन जुन्या कागदांतच राहिले.

तटस्थ माध्यमाचा शोध

रेषेऐवजी ‘तुळई’ हीच माहितीची एकके मानावीत, हा विचार चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकात मांडला. १९९४ मध्ये काही अमेरिकी कंपन्यांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या उपक्रमातून पुढे आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९९७ मध्ये ‘आय.एफ.सी.’ या खुल्या माध्यमाची पहिली आवृत्ती निघाली. २०१३ मध्ये त्याला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. या खटाटोपामागे आर्थिक कारण सबळ होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रणालींमध्ये माहितीची नीट देवाणघेवाण होत नसल्यामुळे त्या देशातील मोठ्या बांधकाम-प्रकल्पांना वर्षाला १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडत होता. त्यातील मोठा वाटा इमारतीच्या मालकांवर व चालकांवर, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यानंतर इमारत सांभाळणाऱ्यांवर पडत होता, ही बाब छावणीसारख्या संस्थेच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

आय.एफ.सी.मध्ये प्रत्यक्ष तुळई व विश्लेषणातील तुळई यांना दोन वेगळ्या संज्ञा आहेत. हा भेद तात्त्विकदृष्ट्या योग्यच म्हटला पाहिजे. पहिलीला रुंदी, खोली, पृष्ठभाग असतो. दुसरी केवळ एक रेषा असते, तिच्यावर भार असतो आणि तिच्या टोकांना काही बंधने असतात. संरचना-विश्लेषणाचा हा भाग २००३ च्या आवृत्तीत समाविष्ट झाला. तथापि सॉफ्टवेअर कंपन्यांनी प्राधान्य दिले ते प्रत्यक्ष आकारांच्या समन्वयाला. विश्लेषणाच्या भागाला त्या मानाने फारच थोड्या प्रणालींनी पूर्ण पाठबळ दिले. परिणामी आकार सुखरूप पोचतो आणि अर्थ मागे राहतो. भारतीय संदर्भात याचे एक बोलके उदाहरण देता येईल. भूकंपरोधक संकल्पनाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधील आवृत्तीने तडे गेलेल्या काँक्रीटचा विचार करून तुळयांचा जडत्व-परिबल ३५ टक्के आणि खांबांचा ७० टक्के धरावा असे सांगितले. हे गुणक अभियंता आपल्या प्रणालीत भरतो. प्रतिमान दुसऱ्या प्रणालीत नेताना हे गुणक गळाले, तर इमारत गणितात अधिक ताठ होते, तिचा दोलनकाल घटतो, आडवे विस्थापन कमी दिसते. पडद्यावरील चित्रात कसलाही फरक पडत नाही.

हा काही केवळ पुस्तकी तपशील नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग मानकातील सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या आवृत्तीने तो पट्टाच रद्द केला आणि त्या नकाशात नाशिक तिसऱ्या पट्ट्यात आले. जुन्या गणितांकडे पुन्हा वळून पाहण्याची वेळ अशा प्रसंगी येते, आणि त्यासाठी ती गणिते वाचता येण्याजोगी शिल्लक असावी लागतात. १९९० च्या दशकात फ्लॉपीवर साठविलेल्या विश्लेषणाच्या फाइली आज बहुतेक कचेऱ्यांना उघडता येत नाहीत. त्याआधीच्या ट्रेसिंग मात्र, वाळवी लागली नसेल तर, अजून वाचता येतात.

मोठ्या प्रकल्पांत चित्र बदलले आहे. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने त्रिमितीय प्रतिमानाला कालावधी आणि खर्च जोडून पंचमितीय व्यवस्था वापरली. तेथे मालक एकच होता आणि माहिती कोणत्या रूपात द्यायची ही अट तो सर्व कंत्राटदारांवर घालू शकत होता. क्रॉमेलिन यांच्या काळातील बांधकाम खात्याची स्थिती यापेक्षा फारशी निराळी नव्हती. फरक पडतो तो लहान कामात, जेथे मालक, वास्तुविशारद, कन्सल्टंट आणि ठेकेदार यांपैकी कोणाचाच कोणावर अधिकार चालत नाही.

देवळालीतील एखाद्या जुन्या बंगल्याची दुरुस्ती करावयाची झाल्यास आजही अभियंत्याला फीत घेऊन भिंती मोजाव्या लागतात. दगडी भिंत दोन्ही अंगांनी घडीव दगडांची व पोटात भर घातलेली असते; तिच्यावर सागवानी कैच्या आणि कौले. या भिंतीला सांधा नाही, घटक नाही, त्यामुळे ‘जॉइंट कोऑर्डिनेट्स’च्या परिभाषेत ती बसविताना तिचे काल्पनिक तुकडे पाडावे लागतात, चुन्याच्या दर्जाचा अंदाज बांधावा लागतो, आणि पोटातली भर किती घट्ट आहे हे एखादा दगड काढून पाहावे लागते. मग दुरुस्तीचा प्रस्ताव परवानगीसाठी जातो. त्याला जोडलेल्या नकाशात भिंतीची जाडी असते. चुन्याबद्दल धरलेला अंदाज अभियंत्याच्या संगणकातील फाइलमध्ये राहतो.